रेघेचा चढ

पळसटोल्याची गाडी साडेतीनला ब्रह्मपुरीच्या डेपोत लागली. दर्शना डोंगरवारने ती चार्जिंगच्या खांबाला जोडली, फाटकाजवळच्या खोलीत गेली आणि छातीवरची पट्टी यंत्रासमोर धरली. यंत्रातून एका बाईचा गोड आवाज आला, "जोर चव्वेचाळीस. आपण विश्रांती घ्यावी."

मागे रांगेत उभे असलेले दोघे ड्रायव्हर एकमेकांकडे पाहू लागले. दर्शनाने पट्टीवरून पदर सारखा केला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली.

२०४३ सालचा एप्रिल होता. पारा सत्तेचाळीसवर टेकला होता. वैनगंगा बससेवेच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या छातीवर तेव्हा अशी पट्टी असायची. चिक्कीच्या वडीएवढी, मऊ, अंघोळीतही न निघणारी. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ती आत सोडायची आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून हृदयाचा डावा कप्पा पाहायची: एका ठोक्याला किती रक्त बाहेर फेकलं, स्नायूची भिंत किती वेगाने आकसली. दोन्हींचा मिळून शंभरपैकी एक आकडा निघे. कागदोपत्री त्याचं नाव 'आकुंचनक्षमता अंक'. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं 'जोर' म्हणत.

सहा वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरचं हृदय स्टिअरिंगवरच थांबलं होतं आणि गाडी अकरा माणसांसकट नाल्यात गेली होती. तेव्हापासून हा नियम आला. नियम वाईट नव्हता. याच डेपोतल्या दोघांचा आजार पट्टीने वेळेत पकडला होता. ड्युटी संपताना मोजायचं, कारण थकलेलं हृदयच खरं बोलतं. पन्नासच्या खाली गेलं की दुसऱ्या दिवशी सुट्टी. महिन्यात तीनदा गेलं की स्टिअरिंग कायमचं सुटलं, मग तिकीट खिडकी.

दर्शनाची ही दुसरी खेप. दहा दिवसांपूर्वी एकोणपन्नास आला होता. वय एकोणचाळीस, अकरा वर्षं गाडी चालवत होती, आणि या अकरा वर्षांत तिला साधं टायफॉइडदेखील झालं नव्हतं.

घरी प्रफुलने तिचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. तो राइस मिलमध्ये मेकॅनिक होता. यंत्राचा आकडा त्याच्यासाठी ब्रह्मवाक्य. पहिल्या एकोणपन्नासनंतर त्याने कुठेतरी वाचून घरातलं मीठ बंद केलं होतं; वरणही अळणी, भाजीही अळणी. आता त्याने तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"दोन बादल्याच तर आहेत," दर्शना म्हणाली.

"मी भरतो ना. तू बस."

"मी काय काचेची आहे का?"

"बरं, तू म्हणते तसं," प्रफुल म्हणाला आणि बादली घेऊन गेला.

तिला तेच जास्त लागलं. बारा वर्षांच्या संसारात या दोघांचं रोज एकदा तरी वाजायचं. तो मिलचे तेलकट नटबोल्ट ओट्यावर आणून ठेवायचा, ती ते उचलून अंगणात फेकायची, मग तासभर तोंडाची गाडी सुसाट. आता तो काही म्हटलं की "बरं" म्हणायचा. भिंतीवर लावलेल्या फोटोशी बोलावं, तसा तो तिच्याशी बोलू लागला होता. त्या संध्याकाळी अळणी वरण-भात गिळताना तिने ठरवलं, तिसऱ्यांदा आकडा यायच्या आत गडचिरोलीला जाऊन खरं काय ते विचारायचं.

हृदयाच्या डॉक्टर रेहाना काझी गडचिरोलीत बसायच्या. पन्नाशीची बाई, बोलणं कमी, नजर करडी. दर्शना सकाळी नऊला पोचली, पण नंबर लागायला अकरा वाजले. बाहेर थंड पाण्याचा माठ होता आणि समोरच लख्ख बाथरूम. उन्हातून आलेली दर्शना पाण्यावर पाणी पीत राहिली, मध्येच कँटीनमध्ये जाऊन पोहेही खाऊन आली. मिठाचे पोहे इतके गोड लागतात हे तिला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी पट्टी वाचली. "बासष्ट."

"बासष्ट?"

"काल चव्वेचाळीस होता म्हणता. बसने येताना हृदय बदलून आणलंत का?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ड्युटीच्या दिवशी पाणी किती पिता?"

दर्शनाने पदराने घाम पुसला. मग म्हणाली, "सकाळी चहा. नंतर घरी आल्यावर."

"सकाळी सहा ते दुपारी चार? या उन्हात?"

"पळसटोल्याच्या थांब्यावर बाथरूम आहे मॅडम. पण दाराला कडी नाही. पुरुषमाणसं झाडामागे जातात. आम्ही तिघी बायका आहोत ड्रायव्हर, आम्ही पाणीच पीत नाही."

"त्या दोघींचे आकडे?"

"एकीचा बावन्न, एकीचा पन्नास. लटकूनच आहेत."

डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या आणि परत आल्या. "वीस वर्षं हृदय शिकले," त्या म्हणाल्या, "पण कडीबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं. गलोल कधी चालवली आहे?"

"लहानपणी. चिंचा पाडायला."

"रबर थोडं ताणलं तर दगड जवळ पडतो. जास्त ताणलं तर लांब जातो. रबर तेच. हृदयाचा स्नायूही तसाच आहे. ठोक्याआधी कप्प्यात जितकं रक्त भरतं तितका तो ताणला जातो, आणि जितका ताणला जातो तितक्या जोराने आकसतो. तुम्ही दहा तास उन्हात पाणी न पिता बसता, वर घरी मीठ बंद. शरीरात पाणी टिकायला मीठ लागतं. रक्ताचं पाणीच कमी झालं, तर कप्पा अर्धवट भरणार. अर्धवट ताणलेल्या गलोलीतून दगड जवळ पडला, आणि यंत्र म्हणालं रबर खराब आहे."

दर्शना ऐकत राहिली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिच्याशी आजाऱ्यासारखं न बोलता माणसासारखं बोलत होतं.

"मग रबर चांगलं की वाईट, ते कळायचं कसं?"

"एकाच दगडावरून नाही कळत. ताण बदलून बदलून पाहायचं." डॉक्टरांनी तिला आधी बसवून मोजलं, मग आडवं करून मोजलं, मग तिच्या टाचांखाली उशांची चळत रचून पाय उंच केले. "पायात साठलेलं दीड पेलाभर रक्त आता हृदयाकडे धावेल. फुकटचं सलाइन. आणि पाय खाली केले की परत जातं, काही नुकसान नाही."

पडद्यावर तीन ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका एकेका भरणाचा. डॉक्टरांनी त्यांच्यामधून रेघ ओढली. रेघ घाटाच्या रस्त्यासारखी वर चढली होती.

"हा चढ म्हणजे खरा जोर," डॉक्टर म्हणाल्या. "भरण वाढवलं की चांगलं हृदय जास्त फेकतं. थकलेल्या हृदयाची रेघ सपाट असते, कितीही भरा. तुमची रेघ एखाद्या खेळाडूला शोभेल. घरी जा, मीठ खा, पाणी प्या."

"आणि कडी?"

"ती मला लिहून देता येईल. बसवता येणार नाही."

प्रफुलने सगळं ऐकून घेतलं, दोनदा रेघेचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी मीठ बंद केलं म्हणून आकडा आणखी पडला?"

"हो."

"मग तू आधी सांगायचं नाही का, पाणी पीत नाही म्हणून? बारा वर्षं झाली, मला माहीतच नाही?"

"तुम्ही कधी विचारलं?"

त्यावरून जे सुरू झालं ते स्वयंपाक होईपर्यंत चाललं. शेजारच्या बाईने भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही," दर्शना म्हणाली, "बरं चाललं आहे."

पण नियम गडचिरोलीच्या रेघेला ओळखत नव्हता. त्याला फाटकावरचा आकडाच हवा होता. म्हणून दर्शनाने आपली सोय आपणच केली. परतीच्या फेरीत तिने कुरखेड्याच्या आरोग्य केंद्रासमोर गाडी उभी केली आणि "सात मिनिटं," असं सांगून उतरली. तिथल्या नर्सबाईने हसून आतलं बाथरूम दाखवलं. बाहेर येऊन पाहते तर गाडीतल्या चौदा बाया तिच्या मागे रांगेत उभ्या होत्या. मोहफुलांची टोपली घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "रोज थांबव ना बाई अशीच. आम्ही कोणाले सांगू?"

पुरुष प्रवासी पहिले दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या टपरीवर चहा सांगायला सुरुवात केली. दर्शनाचा आकडा एकसष्टवर गेला.

डेपोत ही बातमी वाऱ्यासारखी पसरली, आणि पसरताना तिचं रूप बदललं. पाणी आणि मीठ पोटात गेलं की जोर वाढतो, एवढंच लोकांनी धरलं. पंधरा दिवसांत फाटकाबाहेर खारट ताकाचा ठेला लागला. ड्युटी संपली की ड्रायव्हर ओळीने उभे राहून दोन-दोन लोटे रिचवायचे आणि मग यंत्रासमोर जायचे. यंत्रातली बाई रोज खुशीत असायची. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ. मॅनेजर बोरकुटे साहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं की, आमच्या डेपोचं आरोग्य सुधारलं आहे. दर्शनाला लोक 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोलावं, तिलाही ते आवडत होतं.

तिने वासुदेव नाकाडेंचे पाय पाहिले, त्या दिवसापर्यंत.

नाकाडेभाऊ अठ्ठावन्नला टेकले होते. दोन वर्षांत निवृत्ती. अकरा वर्षांपूर्वी, बाईला गाडी शिकवायला डेपोत कुणी तयार नव्हतं तेव्हा, त्यांनीच तिला शेजारी बसून शिकवली होती. त्यांचा आकडा सहा महिने एक्कावन्नच्या आसपास रेंगाळत होता, ताक सुरू झाल्यापासून त्रेपन्न झाला होता. त्या सकाळी दर्शना सुट्टी असूनही पगाराच्या कामासाठी डेपोत आली, तेव्हा ते बाकावर बसून बूट घालायचा प्रयत्न करत होते. बूट शिरत नव्हता. घोट्याशी पाय फुगले होते, मोज्याची खूण खोल रुतली होती. वाकताना त्यांना दम लागत होता.

"भाऊ, हे कधीपासून?"

"उन्हाचं असते." त्यांनी बूट सोडून चप्पल ओढली. "तुह्या ताकानं आकडा मस्त येते. चिंता कायले?"

"झोप लागते का?"

नाकाडे हसले. "बसून लागते. उशीला टेकून. आडवं झालं की कोंडते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "साहेबाले सांगू नको. दोन वर्षं राहिली माही. तिकीट खिडकीत बसून नाही काढणार मी."

डॉक्टरांनी सपाट रेघेबद्दल सांगितलेलं तिला आठवलं. यांच्या हृदयाला आणखी रक्त कमी पडत नव्हतं. आधीच काठोकाठ भरलेल्या कप्प्यात हे वरून मीठपाणी ओतत होते. त्या ओझ्याने आकडा जेमतेम वर ढकलला जात होता आणि उरलेलं पाणी पायात आणि फुप्फुसात साठत होतं. हा उपाय तिनेच डेपोत आणला होता.

"माझ्यासोबत गडचिरोलीला चला," ती म्हणाली. "आजच."

"आज माही गाडी आहे."

नाकाडेंची गाडी आठ वाजता गडचिरोलीलाच जायची. तेहतीस प्रवासी बसले होते. नाकाडे चहाचा कप ठेवून गाडीजवळ आले तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर दर्शना बसली होती, पट्टा लावून.

"उतर," नाकाडे म्हणाले.

"आज माझी सुट्टी आहे. गाडी मी नेते. तुम्ही बाजूला बसा."

"मी तुले शिकवलं, दर्शना."

"म्हणूनच."

ते बराच वेळ दाराशी उभे राहिले. प्रवासी घड्याळ पाहू लागले. बोरकुटे साहेब ऑफिसच्या दारात आले, त्यांनी नाकाडेंच्या पायातली चप्पल पाहिली, वरचा चेहरा पाहिला, आणि ड्युटीच्या पाटीवर दर्शनाचं नाव टाकलं. नाकाडे शेजारच्या सीटवर बसले. आरमोरीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढेही नाहीत.

डॉक्टर काझींनी त्यांना पूर्ण आडवं केलंच नाही. अर्धवट टेकवून पाय जरासे उचलले, तेवढ्यातच नाकाडेंना खोकला आला आणि डॉक्टरांनी पाय लगेच खाली घेतले. पडद्यावरची रेघ शेतातल्या बांधासारखी सपाट होती. "आज स्टिअरिंगवर नव्हते, हे बरं झालं," डॉक्टर दर्शनाला म्हणाल्या आणि त्यांनी नाकाडेंना दाखल करून घेतलं. औषधांनी आठ दिवसांत त्यांच्या अंगातून चार लिटर पाणी निघालं.

दर्शना भेटायला गेली तेव्हा नाकाडेंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांची बायको कौशल्याबाई मात्र तिला व्हरांड्यात घेऊन आली आणि हात धरून म्हणाली, "चार महिन्यांनी काल आडवे होऊन झोपले. घोरतही होते. मी जागी राहून ऐकत होती."

घरी येताना दर्शनाने ठेल्यासमोर उभं राहून सगळ्या ड्रायव्हरांना आपली चूक सांगितली. ताक वाईट नाही. पण ताक पिऊन मिळालेला आकडा आपलं काहीच सांगत नाही. आपण यंत्राला फसवत नाही आहोत, आपण आपल्यालाच फसवत आहोत. एकाने विचारलं, मग करायचं काय? तिने आणि डॉक्टरांनी मिळून वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं.

यंत्राची तपासणी महिन्याभराने डेपोतच ठेवली. नागपूरहून विभागाचे एक अधिकारी आले, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा यशोधन नावाचा इंजिनीअर. तो चिडलेला होता. "आमचं यंत्र अचूक मोजतं," तो म्हणाला.

"अचूकच मोजतं," डॉक्टर काझी म्हणाल्या. "तुम्ही नाव चुकीचं दिलं आहे. ते जोर आणि भरण एकत्र मोजतं आणि सगळ्याला जोर म्हणतं."

दर्शना त्या दिवशी मुद्दाम पूर्वीसारखी, पाणी न पिता, पळसटोल्याहून आली होती. सगळ्यांसमोर बसून मोजलं: सेहेचाळीस. मग ती लाकडी तख्तावर आडवी झाली, पायांखाली ट्रकची ट्यूब सरकवली. दोन मिनिटांत आकडा साठ झाला.

अधिकारी म्हणाले, "पाय वर केले की सगळ्यांचाच वाढत असेल. त्यातून काय सिद्ध होतं?"

याला उत्तर द्यायला एक दुखणारं हृदय लागणार होतं, आणि ते कुणाकडे मागायचं, हे डॉक्टरांनाही कळेना. तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "माह्यं घ्या."

नाकाडे आत आले. बारीक झाले होते, पायात बूट होते. ते खुर्चीवर बसले आणि पट्टी पुढे केली. औषधांमुळे त्यांची प्रकृती सुधारली होती, यंत्रातली बाई म्हणाली, "जोर चोपन्न. आपण गाडी चालवण्यास योग्य आहात." कुणीतरी टाळी वाजवली. नाकाडेंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आता चोपन्नवर ते उठून गेले असते, तर त्यांना स्टिअरिंग परत मिळालं असतं. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि त्यांना स्वतःलाही.

ते तख्तावर आडवे झाले. "टाका ट्यूब," ते म्हणाले.

दोन मिनिटं झाली. "जोर पंचावन्न," बाई म्हणाली.

यशोधन पुढे झाला. त्याने दोन्ही रेघा एकाच पडद्यावर घेतल्या, एक चढती, एक सपाट, आणि बराच वेळ पाहत राहिला. त्याचा राग कुठच्या कुठे गेला होता. "दोन मोजमापं लागतील, एवढंच," तो हळूच म्हणाला. "प्रोग्राम आठवड्याभरात बदलून देतो. हे आम्हाला आधी कुणी विचारलंच नाही."

अधिकाऱ्यांनी डॉक्टरांचा अहवाल शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: महिला चालकांच्या कमी अंकावर औषध – पळसटोला थांब्यावर कडी, दिवा आणि पाण्याचा नळ, मात्रा – कायमची. ते हसले नाहीत, पण सही करताना त्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या पेनाने रेघ मारली.

लोक पांगले. नाकाडे तख्तावर बसून बुटाची नाडी बांधत होते, सावकाश, पण दम न लागता. दर्शना जवळ जाऊन उभी राहिली.

"गडचिरोलीची गाडी कोणाले दिली?" त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं. महिन्याभरात तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"मला. उद्यापासून."

"त्या दिवशी आरमोरीच्या वळणावर तू उशिरा वळवली. मागची म्हातारी सीटवरून घसरली. आरशात पाहिलं नाही तू."

"अकरा वर्षं चालवून राहिली मी, भाऊ."

"तरी." नाकाडे उभे राहिले. "साहेब म्हणते, नव्या पोरी येणार आहेत चार, त्यांना शिकवायला कोणी पाहिजे. मी म्हटलं, आधी एक जुनी नीट करतो. सकाळी आठ ना?"

"आठ."

"पावणेआठले येतो. बाजूची सीट रिकामी ठेव."

दुसऱ्या दिवशी ते साडेसातलाच आले.